पैसे अडकलेत दुसऱ्या देशात: युरोपात छोटा दावा नक्की कोणत्या कोर्टात लावायचा?

माझे ६४० युरो पोलंडमधल्या एका ऑनलाइन फर्निचरवाल्याकडे सात महिने अडकले होते. सोफा आलाच नाही, ऑर्डर रद्द केली, आणि मग दर पंधरा दिवसांनी तोच मेल, रिफंड प्रोसेसमध्ये आहे. मी राहतो जर्मनीत. ज्याला विचारावं तो म्हणायचा, अरे पोलंडमध्ये वकील लावावा लागेल, सहाशे युरोसाठी कोण करतं, सोड. मी जवळजवळ सोडलंच होतं, आणि नंतर वाचायला बसलो तेव्हा कळलं की पोलंडला जायची काहीच गरज नव्हती, दावा माझ्या घरापासून चालत जाता येईल अशा आम्ट्सगेरिष्टमध्येच, म्हणजे जर्मनीतल्या स्थानिक कोर्टातच, लागत होता, वकिलाशिवाय. पैसे मिळाले, व्याजासकट. तेव्हापासून इथल्या आपल्या लोकांपैकी बऱ्याच जणांना फॉर्म भरायला मदत केलीय आणि सगळे अडखळतात एकाच ठिकाणी, कोर्ट कोणतं. म्हणून तेवढंच नीट लिहितो. हे युरोपियन युनियनमधल्या कुठल्याही देशात राहणाऱ्यांसाठी आहे.

आधी एक गोंधळ मिटवू. प्रोसिजर कोणती आणि कोर्ट कोणतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही दोन वेगळ्या कायद्यांत आहेत. छोट्या दाव्यांची युरोपियन प्रोसिजर आहे रेग्युलेशन ८६१/२००७ मध्ये, ती १ जानेवारी २००९ पासून लागू आहे, डेन्मार्क सोडून सगळ्या सदस्य देशांत चालते, आधी मर्यादा २००० युरो होती ती १४ जुलै २०१७ पासून ५००० झाली, आणि त्यात व्याज नि खर्च धरत नाहीत, फक्त मूळ रक्कम. पण हा कायदा तुम्हाला कोर्टाचा पत्ता सांगत नाही. कोणत्या देशाच्या कोर्टाला हा दावा ऐकायचा अधिकार आहे हे ठरतं रेग्युलेशन १२१५/२०१२ वरून, ज्याला सगळे ब्रसेल्स रेग्युलेशन म्हणतात, ते १० जानेवारी २०१५ पासून लागू आहे. लोक पहिला वाचतात, दुसरा वाचत नाहीत आणि दाव्याच्या फॉर्मच्या (फॉर्म ए) चौथ्या रकान्यात अडकतात. खालची कलमं मी जिथं वेगळं सांगत नाही तिथं ब्रसेल्सचीच आहेत.

पायरी १. समोरचा राहतो कुठं ते पक्कं करा

समोरचा म्हणजे प्रतिवादी, ज्याच्याकडून पैसे यायचेत तो. मूळ नियम कलम ४ चा, प्रतिवादी ज्या सदस्य देशात राहतो तिथल्या कोर्टात दावा. त्याचं नागरिकत्व काय आहे याला काही अर्थ नाही, भारतीय पासपोर्टवाला मित्र लिस्बनमध्ये राहत असेल तर तो या नियमासाठी पोर्तुगालचा. कंपनी असेल तर कलम ६३ तीन ठिकाणं देतं, नोंदणीकृत कार्यालय, मुख्य प्रशासन जिथून चालतं ते, आणि मुख्य धंदा जिथं चालतो ते, आणि यातलं कुठलंही एक धरून चालतं. वेबसाइटच्या तळाशी जो इम्प्रेसम किंवा कंपनीची माहिती असते तिथून नाव आणि नोंदणी क्रमांक घ्या, मग त्या देशाच्या कंपनी रजिस्टरमध्ये पडताळून बघा. ब्रँडचं नाव एक आणि कंपनी वेगळीच असं फार वेळा असतं, आणि चुकीच्या कंपनीवर लावलेला दावा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आणि प्रोसिजरसाठी अजून एक अट इथंच बघून घ्या. दावा सीमापार पाहिजे, म्हणजे दोघांपैकी किमान एक जण कोर्टाच्या देशापेक्षा वेगळ्या सदस्य देशात राहणारा पाहिजे. मी जर्मनीत, दुकान पोलंडचं, कोर्ट जर्मन, जमलं. पण दुकान स्वित्झर्लंडचं असतं तर जर्मन कोर्टात ही प्रोसिजर लागली नसती कारण स्वित्झर्लंड सदस्य नाही, तेव्हा नेहमीची देशी प्रोसिजर वापरावी लागते. कोर्ट तेच असू शकतं, फॉर्म बदलतो.

पायरी २. घराशी संबंध आहे का

भाड्याच्या घराचं डिपॉझिट हा आपल्या लोकांचा सगळ्यात मोठा विषय, शिकायला एका देशात, नोकरीला दुसऱ्या देशात, आणि जुना घरमालक डिपॉझिट दाबून बसलेला. इथं निवड करायला फारशी जागा नाही. कलम २४ प्रमाणे स्थावर मालमत्तेच्या भाडेकराराचे वाद घर ज्या देशात आहे तिथल्याच कोर्टात चालतात, घरमालक कुठं राहतो हे गौण. अपवाद आहे तो सहा महिन्यांपर्यंतच्या तात्पुरत्या खासगी वापराच्या भाड्याचा, भाडेकरू व्यक्ती असेल आणि दोघं एकाच सदस्य देशात राहत असतील तर त्या देशातही जाता येतं. तेव्हा घर ॲमस्टरडॅममध्ये होतं आणि तुम्ही आता म्युनिकमध्ये असाल तर नेदरलँड्समध्येच दावा. घाबरू नका, प्रोसिजर लेखी आहे, पोस्टाने चालते. छोट्या दाव्यांच्या कायद्यातून भाडेकरार तसे वगळलेत पण पैशाचे दावे मात्र आत ठेवलेत, त्यामुळे डिपॉझिट परत मागायला फॉर्म वापरता येतो.

जाता जाता, काय चालतच नाही तेही सांगतो: पगाराचे आणि नोकरीचे वाद, पोटगी, वारसा, दिवाळखोरी, सोशल सिक्युरिटी, टॅक्स, बदनामी. यात काही असेल तर हा रस्ताच नाही.

पायरी ३. तुम्ही ग्राहक आहात का

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि इथं उत्तर हो आलं तर बहुतेकांचं काम घरच्या कोर्टातच होतं. कलम १८ म्हणतं की ग्राहकाला निवड आहे, विक्रेत्याच्या देशात जा किंवा स्वतः जिथं राहता तिथल्या कोर्टात जा. उलट विक्रेत्याला ग्राहकावर दावा लावायचा असेल तर फक्त ग्राहकाच्या देशात. पण हे संरक्षण आपोआप मिळत नाही. खरेदी धंद्यासाठी नसावी ही पहिली अट, आणि हप्त्यावरची खरेदी वगैरे एकदोन प्रकार सोडले तर दुसरी अट अशी की विक्रेता तुमच्या देशात धंदा करत असावा किंवा त्याचा धंदा तुमच्या देशाकडे वळवलेला असावा, आणि तुमचा करार त्याच धंद्यातला असावा.

वळवलेला म्हणजे काय यावर युरोपियन कोर्टाचा, म्हणजे युरोपियन युनियनच्या सर्वोच्च कोर्टाचा, २०१० चा हॉटेल आल्पेनहोफचा निकाल आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. ऑस्ट्रियातलं हॉटेल, जर्मनीतल्या पाहुण्याने वेबसाइट बघून ईमेलवर खोल्या बुक केल्या, सेवा पटली नाही म्हणून बिल न देता निघून गेला. हॉटेलने ऑस्ट्रियात सुमारे ५००० युरोचा दावा लावला, पाहुणा म्हणाला मी ग्राहक, माझ्यावर दावा जर्मनीत लावा. कोर्टाने सांगितलं की वेबसाइट दुसऱ्या देशात नुसती उघडते एवढ्यावरून धंदा तिकडे वळवलाय असं होत नाही, करार करायच्या आधीच त्या देशाच्या ग्राहकांशी व्यवहार करायचा इरादा दिसला पाहिजे, आणि तो कशावरून दिसेल याच्या खुणा दिल्या: आंतरराष्ट्रीय कोड लावलेला फोन नंबर, स्वतःच्या देशाचं सोडून दुसरं डोमेन, विक्रेत्याच्या देशात नेहमी वापरात नसलेली भाषा किंवा चलन आणि त्यात बुकिंगची सोय, दुसऱ्या देशातून कसं यायचं याची माहिती, त्या देशातल्या लोकांनी सर्च केल्यावर वर दिसावं म्हणून केलेला खर्च.

माझ्या केसमध्ये दुकान पोलिश पण साइट डॉट डीई (जर्मनीचं डोमेन), भाषा जर्मन, किमती पोलंडच्या झ्लॉटीत नव्हे तर युरोत, आणि डिलिव्हरीच्या यादीत जर्मनी पहिलं. मी या सगळ्याचे तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवले आणि फॉर्मला जोडले. कळकळीने सांगतो, हे आज करा, दावा लावायच्या दिवशी नाही, कारण भांडण सुरू झालं की साइट बदलतात किंवा बंदच होते. अटीशर्तींचं पानही सेव्ह करा.

अटींमध्ये 'सर्व वाद वॉर्सॉच्या कोर्टात' असं लिहिलेलं असेल तरी ग्राहकाने घाबरायचं कारण नाही. कलम १९ मुळे वाद निर्माण व्हायच्या आधी केलेली अशी अट ग्राहकाचा हक्क काढून घेऊ शकत नाही.

एक मोठा अपवाद, प्रवासाचं तिकीट. नुसतं विमानाचं, ट्रेनचं किंवा बसचं तिकीट ग्राहकाच्या या नियमांतून बाहेर ठेवलंय, प्रवास आणि राहणं दोन्हीची एकच किंमत असलेलं पॅकेज मात्र आत आहे. विमानाचं पुढच्या पायरीत बघू.

पायरी ४. करारात कोर्ट ठरवलंय का

हे मुख्यतः फ्रीलान्सर आणि छोट्या धंदेवाल्यांसाठी. दोन धंद्यांमधल्या करारात कोर्ट ठरवलेलं असेल तर कलम २५ प्रमाणे तेच कोर्ट, आणि वेगळं काही म्हटलं नसेल तर फक्त तेच. पेपरवर सही नाही, नुसतं मला मान्य आहे वर क्लिक केलं होतं असं म्हणून सुटका नाही, २०१५ मध्ये युरोपियन कोर्टाने सांगितलंय की अटी करार होण्याआधी सेव्ह आणि प्रिंट करता येत असतील तर क्लिक पुरेसं आहे. क्लायंटच्या कागदावर सही करण्याआधी ही ओळ वाचा आणि स्वतःच्या शहराचं कोर्ट घालून घ्यायचा प्रयत्न करा, नंतरची सगळी पायपीट वाचते.

पायरी ५. काम किंवा माल कुठं द्यायचा होता

ग्राहक नाही, कोर्टाची अट नाही, तर मग कलम ७ बघा. कराराचा दावा, करार जिथं पुरा करायचा तिथल्या कोर्टातही लागतो. माल असेल तर तो जिथं पोचला किंवा पोचायला हवा होता ती जागा. करारावरून ती जागा कळत नसेल तर २०१० च्या कार्ट्रिम निकालाप्रमाणे माल शेवटी जिथं प्रत्यक्ष खरेदीदाराच्या ताब्यात जातो ती जागा, कुरिअरच्या हातात दिला ती नाही. सेवा असेल तर ती जिथं दिली किंवा द्यायची होती ती जागा, म्हणजे ट्रान्सलेटर, डिझायनर वगैरे मंडळींनी करारात काम कुठून होणार हे एका ओळीत लिहून ठेवलं तर पुढे वाद उरत नाही.

विमानाचं इथंच बसतं. म्युनिक ते व्हिल्नियस एअर बाल्टिकची फ्लाइट रद्द झाली, प्रवाशाने २५० युरोची भरपाई मागितली, कंपनीचं मुख्यालय रीगामध्ये. २००९ मध्ये युरोपियन कोर्टाने सांगितलं की सेवा निघण्याच्या आणि उतरण्याच्या दोन्ही ठिकाणी दिली जाते, प्रवाशाने यातलं कुठलंही एक कोर्ट निवडावं. म्हणजे तुमच्याकडे तीन पर्याय, निघालात ते विमानतळ, उतरलात ते, आणि कंपनीचा देश. विमानतळ ज्या कोर्टाच्या हद्दीत येतो ते कोर्ट शोधायचं, तुमच्या घराजवळचं नव्हे, हे बरेच जण चुकवतात.

आता मित्राला दिलेले पैसे. हे सगळ्यात नाजूक, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात किचकटही. बँकेने दिलेलं कर्ज ही सेवा आहे आणि ती बँकेच्या ठिकाणी दिली जाते असं कोर्टाने २०१७ मध्ये म्हटलंय. पण रूममेटला बिनव्याजी दिलेल्या १२०० युरोला सेवा म्हणणं मला पटत नाही, तिथं कलम ७ चा मूळ नियम धरावा, म्हणजे पैसे परत करायची जागा कोणती हे त्या कराराला लागू होणारा कायदा सांगेल. हा कायदा ठरवलेला नसेल तर साधारणपणे पैसे उसने देणाऱ्याच्या देशाचा. आणि देशादेशांत फरक आहे. इटलीत आणि नेदरलँड्समध्ये पैसे देणं असलेल्याने ते घेणेकऱ्याच्या घरी पोचवायचे, म्हणजे तुमच्या घरचं कोर्ट मिळतं. जर्मनीत कर्ज झालं त्यावेळी देणेकरी जिथं राहत होता ती जागा धरतात. ऐकायला वाईट वाटतं पण याचाही फायदा होतो, रूममेट पैसे घेताना तुमच्यासोबत म्युनिकमध्येच राहत होता आणि आता बार्सिलोनाला गेला, तर परत करायची जागा म्युनिकच आणि कोर्टही म्युनिकचंच. व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि बँक ट्रान्सफरची नोंद हाच तुमचा करार, ट्रान्सफरच्या शेऱ्यात 'उसने' हा शब्द असेल तर सोन्याहून पिवळं.

पायरी ६. काहीच बसत नसेल तर त्याच्या दारात

मग कलम ४, प्रतिवादीचा देश. आणि माझं मत असं की निवड असली तरी एकदा या पर्यायाचा विचार करावाच. शेवटी वसुली तिकडेच करायची असते, त्याचं बँक खातं तिकडे असतं, आणि त्याला त्याच्या भाषेत त्याच्या शहराच्या कोर्टाचं पाकीट आलं की बरेच जण लगेच पैसे देतात. तोटा भाषेचा, फॉर्म कोर्टाच्या भाषेत भरावा लागतो.

इथं एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. कलम ४ फक्त देश सांगतं, त्या देशातलं नेमकं कोर्ट त्या देशाचा कायदा सांगतो. कलम ७ आणि ग्राहकाच्या बाजूने कलम १८ मात्र थेट ठिकाण सांगतात. जर्मनीत छोट्या दाव्यांना आम्ट्सगेरिष्ट, ऑस्ट्रियात बेझिर्क्सगेरिष्ट, आयर्लंडमध्ये डिस्ट्रिक्ट कोर्ट. नेमकं नाव नि पत्ता युरोपियन ई-जस्टिस पोर्टलवर छोट्या दाव्यांच्या पानावर देश निवडून मिळतो, फी कशी भरायची आणि ऑनलाइन दाखल करता येतं का हेही तिथंच आहे.

पायरी ७. फॉर्म ए

फॉर्म त्याच पोर्टलवर सगळ्या भाषांत आहे, आणि खुणा करायचे रकाने एकाच क्रमाने असल्याने मराठी माणूस इंग्रजी फॉर्म शेजारी ठेवून जर्मन फॉर्म आरामात भरू शकतो. रकाना ४ मध्ये विचारतात, या कोर्टाला अधिकार आहे असं तुम्हाला का वाटतं. प्रतिवादीचं राहण्याचं ठिकाण, ग्राहकाचं राहण्याचं ठिकाण, करार पुरा करायची जागा, नुकसान झालं ती जागा, स्थावर मालमत्ता, करारात ठरवलेलं कोर्ट, असे पर्याय असतात. वरच्या पायऱ्या नीट केल्या असतील तर ही खूण दोन मिनिटांची आहे. मी ग्राहकाचं ठिकाण यावर खूण केली आणि पुराव्याच्या यादीत साइटचे स्क्रीनशॉट स्वतंत्र नंबर देऊन लावले, म्हणजे जजला शोधावं लागू नये. कायद्याची कलमं लिहायची सक्ती नाही, कोर्ट तुमच्याकडून कायदेशीर विश्लेषण मागू शकत नाही, काय झालं, कधी झालं, किती पैसे, हे साध्या वाक्यांत लिहा. व्याज हवं असेल तर कधीपासून ते आठवणीने लिहा.

काही राहिलं असेल तर कोर्ट फॉर्म बी पाठवून दुरुस्ती मागतं, त्यात दिलेली मुदत चुकवू नका, नाहीतर दावा फेटाळला जातो. सगळं ठीक असेल तर १४ दिवसांत कोर्ट प्रतिवादीला फॉर्म सी बरोबर कागद पाठवतं आणि त्याला उत्तराला ३० दिवस मिळतात. त्याला न समजणाऱ्या भाषेत कागद गेले तर तो ते नाकारू शकतो आणि मग भाषांतर द्यायला लागतं. माझ्या दुकानाने माझ्याशी सात महिने उत्तम जर्मनमध्ये मेल केले होते, ते मी मुद्दाम सगळे जोडले, आणि नाकारायचा प्रश्न आला नाही. उत्तर आल्यावर किंवा मुदत संपल्यावर कोर्ट ३० दिवसांत निकाल देतं नाहीतर अजून माहिती मागतं. सुनावणी क्वचितच, आणि झाली तर व्हिडिओवरही होते.

प्रतिवादी गप्प बसला तरी कोर्ट स्वतःहून बघतं की आपल्याला अधिकार आहे का, म्हणून रकाना ४ हलक्यात घेऊ नका. उलट त्याने अधिकाराबद्दल काही न बोलता थेट मुद्द्यावर उत्तर दिलं तर कलम २६ प्रमाणे ते कोर्ट त्याने मान्य केलं असं धरतात, घरासारखे राखीव विषय सोडून. हे तुमच्या बाजूने काम करतं, पण फॉर्म सी कधी तुमच्याच पत्त्यावर आला तर तेवढंच विरुद्धही करतं, तेव्हा कोर्ट चुकीचं वाटत असेल तर पहिल्याच उत्तरात आणि मुद्द्यावर बोलायच्या आधी तसं लिहा.

निकाल लागला की कोर्टाकडून फॉर्म डी मागून घ्या. या सर्टिफिकेटवर निकाल दुसऱ्या सदस्य देशात थेट वसुलीला जातो, तिथल्या कोर्टाची वेगळी मान्यता लागत नाही, फार तर फॉर्म डी चं भाषांतर. माझ्या दुकानाने फॉर्म डी पोलंडला पाठवायच्या आधीच पैसे भरले.

समोरचा युरोपियन युनियनच्या बाहेर असेल तर

इथं दोन गोष्टी वेगळ्या होतात. एक, ब्रसेल्सच्या जागी कोर्टाच्या देशाचे स्वतःचे नियम लागतात, फक्त ग्राहकाचा घरच्या कोर्टाचा हक्क, घराचा नियम नि करारातलं कोर्ट शिल्लक राहतात. जर्मनीत तर प्रतिवादीची मालमत्ता तिथं असेल एवढ्यावरूनही कोर्टाला अधिकार मिळू शकतो, जो सदस्य देशातल्या माणसाविरुद्ध कधीच वापरता येत नाही. स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि आइसलँडसाठी लुगानो करार आहे, तो बराचसा ब्रसेल्ससारखाच. दोन, निकाल मिळणं आणि तो वसूल होणं यात खूप अंतर पडतं. ब्रिटनमध्ये १ जुलै २०२५ पासून २०१९ चा हेग करार (दुसऱ्या देशांचे निकाल मान्य करण्याबद्दलचा) लागू आहे, त्यानंतर सुरू झालेल्या केसेसचे निकाल त्याखाली तिथं वसुलीला नेता येतात, पण विमानप्रवासासारखे प्रवासी वाहतुकीचे विषय त्यात नाहीत.

आणि रूममेट पैसे न देता भारतात परतला असेल तर इथल्या निकालामागे वेळ घालवू नका. सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम ४४अ खाली ज्या देशांचे निकाल भारतात थेट वसुलीला लावता येतात त्यात युरोपियन युनियनमधला एकही देश नाही, त्यामुळे इथला निकाल घेऊन तिथं पुन्हा नवा दावाच लावावा लागतो, आणि त्याच्या गैरहजेरीत झालेला निकाल असेल तर तोही टिकेल याची खात्री नाही. त्यापेक्षा तो आता जिथं राहतो तिथल्या दिवाणी कोर्टात थेट दावा लावा, मुदत साधारण तीन वर्षांची असते, आणि ती पैसे दिल्याच्या तारखेपासूनही मोजली जाऊ शकते, तेव्हा ट्रान्सफरची तारीख आजच बघून ठेवा.